एसटी सुटते आणि एसटी सुटून राहिली

माझ्या पेजवरचा एक व्हिडिओ मी गेल्या महिन्यात काढून टाकला. इनबॉक्समध्ये बऱ्याच जणांनी विचारलं, "भाऊ, दबाव आला का?" नाही, दबाव कोणाचाच नव्हता. माझ्या पेजवर सगळ्यात जास्त व्ह्यूज त्याच व्हिडिओला होते. खड्ड्यांच्या बातम्यांपेक्षा जास्त, नगरपालिकेच्या सभेत खुर्च्या उडाल्या त्यापेक्षाही जास्त. तरी काढला. का, ते सांगतो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. फेब्रुवारीत मी आपल्याच तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत गेलो होतो. 'शिक्षणाचा बोजवारा' अशी मालिका चालवायची होती. चौथीच्या वर्गात एक चुणचुणीत मुलगी दिसली. तिच्यापुढे माईक धरला आणि विचारलं, "'आय ईट' आणि 'आय अ‍ॅम ईटिंग' यात फरक काय, सांग बरं." तोवर ती माझ्याशी मस्त गप्पा मारत होती. प्रश्न ऐकला आणि गप्प झाली. आधी सरांकडे पाहिलं, मग खाली फरशीकडे. मी माईक तसाच धरून ठेवला. एडिट करताना मोजलं, अकरा सेकंद. ते अकरा सेकंद मी कापले नाहीत. त्याखाली रडकं म्युझिक टाकलं आणि वर पट्टी दिली: चौथीच्या मुलीला साधा वर्तमानकाळ येईना! पालकांनो, जागे व्हा!

पुढचं मला जूनमध्ये कळलं. गावातली पोरं तिला 'प्रेझेंट टेन्स' म्हणून चिडवतात. त्या शाळेचा पट आधीच वीस-बावीस, त्यातून पाच दाखले निघाले. सगळे माझ्यामुळे निघाले असं म्हणणं खोटं होईल. इंग्लिश मीडियमची पिवळी गाडी गावापर्यंत यायला लागली, ते मोठं कारण. पण दोन घरांनी मला तोंडावर सांगितलं, "तुमचाच व्हिडिओ पाहिला ना भाऊ." आणि त्या मुलीचा बाप आठवडी बाजारात भेटला. संत्र्याच्या बागांमध्ये मजुरीला जातो. मला वाटलं भांडेल. तो एवढंच म्हणाला, "घरी तं लय बोलते ते. तुमच्यासमोर काऊन नाही बोलली त काय माईत."

त्या रात्री झोप लागली नाही असं लिहिलं तर ते नाटकी होईल. लागली. पण दुसऱ्या दिवशी टपरीवर बसल्या बसल्या तोच प्रश्न मी आमच्या मंडळींना टाकला. एक वकील, एक मेडिकलवाला, एक बांधकाम खात्यातला इंजिनियर. वकील म्हणाले, "पहिल्यात व्ही-वन, दुसऱ्यात आयएनजी." बरं, पण फरक काय? "पहिला साधा, दुसरा चालू." साधा म्हणजे काय? इथे सगळे आपापल्या चहात बघायला लागले. मी तरी काय सांगणार होतो! मी एबीसीडी पाहिली पाचवीत, आमच्या वेळी इंग्रजी तिथूनच सुरू व्हायची. सूत्रं पाठ केली, दहावी झालो, पत्रकारितेचा डिप्लोमा केला, आणि अजूनही इंग्रजी प्रेस नोट आली की भाच्याला फोन लावतो. असा मी, नऊ वर्षांच्या मुलीची परीक्षा घेत होतो.

मुळात माझा प्रश्नच चुकीचा होता. 'फरक सांगा' हा पेपरातला प्रश्न आहे. तुमच्या घरातल्या पोराला 'खातो' आणि 'खातो आहे' यातला फरक विचारून बघा, तेही गप्प होईल. पण बोलताना एकदाही चुकणार नाही. जी गोष्ट पोराला येते ती समजावून सांगता येत नाही, एवढ्यावरून 'येत नाही' असा निकाल मी कॅमेऱ्यावर दिला.

जुलैत परत त्या शाळेत गेलो, कॅमेऱ्याशिवाय. सर आधी बोलायलाच तयार नव्हते, आणि बरोबरच होतं त्यांचं. दोन शिक्षकी शाळा, चौथी-पाचवी एकत्र बसते. मी मागच्या भिंतीला टेकून बसलो. तासाच्या सुरुवातीला सरांनी पुस्तक उघडलंच नाही. विचारलं, "आपल्या गावची एसटी किती वाजता सुटते?"

"साडेनऊले!" सगळा वर्ग.

"रोज?"

"रोज."

"आणि कोणी ओरडलं, एसटी सुटून राहिली, तर?"

मागच्या बाकावरचं एक पोरगं म्हणालं, "मंग पयाव लागते."

वर्ग हसला, मीही हसलो. सरांनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. इथे देवनागरीत देतो. 'द बस लीव्हज अ‍ॅट नाइन थर्टी.' 'द बस इज लीव्हिंग.' पहिल्यापुढे घड्याळ काढलं, दुसऱ्यापुढे पळणारा माणूस. 'सिंपल' नाही, 'कंटिन्युअस' नाही, साधा नाही, अपूर्ण नाही. नंतर पुढचा अर्धा तास पोरं एकेक वाक्य फेकत होती आणि बाकीचे ठरवत होते, घड्याळ की पळणारा माणूस. 'आई भाकर करते', घड्याळ. 'आई भाकर करून राहिली', पळणारा माणूस. 'कुत्रा भुकते' म्हटल्यावर वाद झाला, कारण बाहेर खरोखरच एक कुत्रं भुंकत होतं. सर म्हणाले, आत्ताच्याबद्दल बोलतो की त्याच्या सवयीबद्दल, ते तू ठरव. त्या वादातून पोरं जे शिकली ते माझ्या अकरा सेकंदांत मावणारं नव्हतं.

आता माझं मत सांगतो, पटलं नाही तर कमेंटमध्ये हाणा.

आपल्याकडे इंग्रजीचा वर्तमानकाळ ज्या मराठीतून शिकवला जातो ती मराठी कोणाच्याच घरात नाही. 'मी आंबा खात आहे.' आयुष्यात कोणाला असं बोलताना ऐकलंय? पुण्याकडचं पोरगं म्हणेल 'खातोय'. आपलं पोरगं म्हणेल 'खाऊन राहिलो'. ही आपली 'करून राहिलो' म्हणजे वऱ्हाडाची ती खूण, जिच्यावर पुण्या-मुंबईत गेलं की लोक हसतात. आपल्याच शाळांमध्येही कित्येक पिढ्या ती अशुद्ध म्हणून खोडली गेली. आणि गंमत बघा, इंग्रजीतल्या 'अ‍ॅम ईटिंग'चं काम तीच चोख करते. काम चालू आहे, हात त्यातच आहे, अजून संपलेलं नाही. पोराच्या तोंडात हा फरक तीन-चार वर्षांचा असल्यापासून आहे. आपण आधी तो पुसतो, त्याजागी 'खात आहे' बसवतो, मग त्यावर इंग्रजी चढवतो. एका नदीऐवजी दोन नद्या. मग पोरगं मधेच बुडालं की माझ्यासारखा माईक घेऊन काठावर उभा.

महाराष्ट्रात २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीपासून इंग्रजी आली. तेव्हा केवढा वाद झाला होता, आठवत असेल. गरिबाच्या पोरालाही इंग्रजी मिळावी ही त्यामागची भूमिका मला तेव्हाही पटली होती, आजही पटते. पण पाव शतकात वर्षं वाढली, घरोघरची पद्धत तीच राहिली. बालभारतीच्या पुस्तकात गाणी आहेत, चित्रं आहेत, संवाद आहेत. पोरगं घरी गेलं की मात्र भिंतीवर बारा काळांचा तक्ता. बसस्टँडबाहेर मिळतो तो, पहाड्यांच्या शेजारी टांगलेला. कर्ता अधिक साहाय्यकारी क्रियापद अधिक अमुक अधिक तमुक. ट्यूशनवालाही तेच घोकून घेतो, कारण ते लगेच तपासता येतं आणि पालकाला दाखवता येतं. आठ वर्षांच्या पोराला 'साहाय्यकारी' हा शब्द नीट म्हणता येत नाही हो! तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्यांचा मान आहेच. पण ती पोरं मोठी होती, मराठीत पक्की झालेली होती. पहिली-दुसरीच्या पोराला तीच वाट कशी चालेल?

आता त्या बदनाम 'एस'बद्दल. 'ही गो' म्हटलं की झालं, 'अरे, एवढंही येत नाही!' मराठी क्रियापद बघा जरा. मी जातो, मी जाते, तू जातोस, तू जातेस, तो जातो, ती जाते, तुम्ही जाता, ते जातात. आपण वऱ्हाडात 'तो जाते' म्हणतो तो भाग वेगळा. एवढी रूपं आपलं पोरगं शाळेत पाय ठेवायच्या आधी बिनचूक वापरतं. इंग्रजीत सगळ्यांना 'गो', फक्त तिऱ्हाईत आणि एकट्या माणसाला 'गोज'. म्हणजे इंग्रजी इथे आपल्यापेक्षा सोपी आहे, आणि ती सोपी आहे म्हणूनच तो एकटा 'एस' पोरांच्या कानातून निसटतो. आणि फक्त आपल्याच पोरांच्या नाही. रॉजर ब्राउन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तीन लहान मुलांचं घरातलं बोलणं टिपून ठेवलं होतं, १९७३ साली त्यावर त्याचं पुस्तक आलं. मुलं इंग्रजी घरातलीच. त्यांच्या तोंडी 'इंग' खूप आधी आलं, 'गोज'मधला 'एस' बऱ्याच उशिरा. ज्यांच्या घरात आईच इंग्रजी बोलते त्यांचा 'एस' उशिरा येतो, आणि आपण चौथीतल्या पोरीच्या वहीवर त्यासाठी लाल रेघा मारतो. या सरांनी पुठ्ठ्यावर मोठा 'एस' काढलाय. एक पोरगं तो धरून उभं राहतं. वाक्यात 'ही' किंवा 'शी' आली की पळत जाऊन क्रियापदाच्या मागे उभं राहायचं, 'दे' आली की परत फिरायचं. चुकतात, धडपडतात, आणि तो पुठ्ठा आपल्याला मिळावा म्हणून भांडतात.

घरच्या बोलीने सगळे प्रश्न सुटतात असं मात्र मी म्हणत नाही. बोली अर्ध्या वाटेपर्यंत सोबत करते, पुढे तीच पाय अडकवते. त्याच तासात पोरं आपापल्या आईबापाचं काम सांगत होती. त्या मुलीची पाळी आली. ती म्हणाली, "माय फादर पिक ऑरेंजेस." पुठ्ठेवाला पोरगा धावला, 'पिक्स' झालं. सरांनी विचारलं, "आत्ता तोडून राहिले का बाबा?" ती म्हणाली, "नाही. आता बहार नाही ना. आता घरीच बसला आहे." सरांनी फळ्यावर लिहिलं: 'ही पिक्स ऑरेंजेस. ही इज नॉट पिकिंग ऑरेंजेस नाऊ.' आंबिया बहाराची तोड दिवाळीच्या आगेमागे, मृगाची उन्हाळ्याच्या तोंडाशी, आणि मधले हे महिने हाताला मिळेल ते काम. हे त्या मुलीला पाठच आहे, कारण घरात त्या महिन्यांत भाजी बदलते. वर्तमानकाळाचे दोन प्रकार तिला मी काय समजावणार होतो?

पण 'बसला आहे'चं काय? तक्त्यात नियम आहे, 'ला आहे' आलं की पूर्ण वर्तमानकाळ, म्हणजे 'हॅज'. त्या नियमाने पोरगं लिहिणार 'ही हॅज सॅट'. इंग्रजी म्हणते 'ही इज सिटिंग'. 'झोपली आहे' म्हणजे 'शी इज स्लीपिंग'. 'शर्ट घातला आहे' म्हणजे 'इज वेअरिंग'. मराठी म्हणते बसण्याची क्रिया झाली, आता तो त्या स्थितीत आहे. इंग्रजी म्हणते बसणं अजून चालूच आहे. दोघींची बघण्याची तऱ्हा वेगळी. तसंच 'मला माहीत आहे'. त्या 'आहे'पायी किती पोरं 'आय अ‍ॅम नो' लिहितात, कोणत्याही शिक्षकाला विचारा. 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' तर आपल्या कार्यालयांतून रोज ऐकू येतं, आणि 'आय अ‍ॅम लिव्हिंग हियर सिन्स टेन इयर्स' म्हणणारे साहेब तर मीच दोन-तीन दाखवतो. आई हाक मारते आणि पोरगं खेळता खेळता म्हणतं "आलो!", हा तर चक्क भूतकाळ, आणि आलेलं कोणीच नसतं. इंग्रजीत तिथे 'आय अ‍ॅम कमिंग'. अशा जागा सूत्राने पार होत नाहीत. पोरांना शेजारी शेजारी दोन्ही वाक्यं दाखवावी लागतात, ती ऐकवावी लागतात, अंगाने करून दाखवावी लागतात. बसून दाखव, झोपून दाखव, आणि तसंच असताना विचार, 'व्हॉट इज शी डूइंग?' वेळ लागतो. त्यासाठी शिक्षक वर्गात असावा लागतो, बीएलओची यादी घेऊन दारोदार फिरत नसावा. तो वेगळा विषय आहे, त्यावर वेगळी पोस्ट लिहीन.

काही जण म्हणतील, इंग्रजीच्या तासाला मराठी कशाला, तीही वऱ्हाडी? इंग्रजीतूनच इंग्रजी शिकवा. खरं सांगू का, माझा मुलगा इंग्लिश मीडियमलाच आहे. लपवत नाही. व्हिडिओवर ज्यांनी हे कमेंटमध्ये विचारलं होतं त्यांना मी तेव्हा उत्तर दिलं नव्हतं, आज देतो. त्याच्या शाळेत मराठी बोललं की दंड आहे. टेन्सच्या परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी मार्क आहेत. दिवाळीत रेल्वेत एका मद्रासी काकांनी त्याला सहज विचारलं, "व्हॉट डू यू डू इन द इव्हनिंग?" तर हा म्हणाला, "आय अ‍ॅम प्लेइंग क्रिकेट." काकांनी खिडकीबाहेर बघितलं, बहुतेक क्रिकेट शोधत असावेत. आम्ही सगळे हसलो. त्याच्यावर कोणी व्हिडिओ केला नाही, कारण तो पत्रकाराचा मुलगा आहे आणि शाळेची फी भरलेली आहे.

शिक्षकांबद्दलही एक बोललं पाहिजे. सगळेच या सरांसारखे नाहीत. काहींना स्वतःलाच इंग्रजीत चार वाक्यं सलग बोलायची धास्ती असते, मग ते सूत्राच्या छत्रीखाली उभे राहतात. मला राग येत नाही, मीही त्याच छत्रीखालचा. पण बोलीतून शिकवायला इंग्रजीचं पांडित्य लागत नाही. पोरगं घरी काय बोलतं ते ऐकण्याची तयारी लागते, आणि 'अशुद्ध बोलू नको' हे वाक्य गिळायची. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात २००५ सालीच लिहून ठेवलंय की पोराची घरची भाषा ही वर्गातली भांडवलाची गोष्ट आहे. कागदावर आहे सगळं.

तास संपल्यावर मी त्या मुलीजवळ गेलो. माफी कशी मागतात ते नऊ-दहा वर्षांच्या मुलीसमोर कळेना. म्हटलं, "तो व्हिडिओ मी काढून टाकतोय." तिने आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग खिशाकडे.

"आता शूटिंग नाही ना करून राहिले?"

"नाही."

"बरं. तुम्ही करता म्हणून विचारलं."

व्हिडिओ त्याच रात्री काढला. ज्यांनी तो डाउनलोड करून ग्रुपवर फिरवलाय त्यांनीही कृपा करून डिलीट करावा. मुलगी अजून त्याच गावात राहते आणि त्याच शाळेत जाते.

एक काम आहे. सरांना वर्गासाठी एसटीच्या वेळापत्रकाचा जुना पत्र्याचा बोर्ड हवाय, तो आडव्या रेघांचा, गावांची नावं आणि वेळा रंगवलेला. पोरांना 'लीव्हज' आणि 'अराइव्हज' त्यावरून करायचं आहे. मी आपल्या स्टँडवर विचारलं, तिथे आता फ्लेक्स लागलाय, जुना बोर्ड कुठे गेला कोणाला माहीत नाही. आजूबाजूच्या कोणत्या स्टँडवर किंवा भंगारवाल्याकडे पडलेला दिसला तर कमेंटमध्ये सांगा, मी गाडी घेऊन येतो. पाठवणी मीच करीन. आणि हो, वेळा जुन्या असल्या तरी चालतील.